नडगी दुखते आहे आणि भरती जवळ आली आहे

पोंभुर्ण्याहून एका अम्मींचं पत्र आलं आहे. मुलगी पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावते. तीन आठवडे नडगी दुखते आहे, तरी थांबत नाही. अब्बू म्हणतात, धावणंच सोड. चंद्रपूर-गडचिरोलीत असे दुखरे पाय घरोघरी आहेत, म्हणून उत्तर इथेच देते.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा हाडाच्या आवरणावरचा ताण. धावणं थांबवलं की काही आठवड्यांत उतरतो. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. त्यावर धावत राहिलं तर हाड मोडतं. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. तेव्हा एक्स-रे साफ आला तरी दुखत असेल तर पुन्हा जा.

आणखी एक गोष्ट अम्मींनीच विचारायची, अब्बूंनी नाही: पाळी नियमित येते का? वजन कमी करायला मुली जेवण तोडतात, मग पाळी चुकते आणि हाडं कमकुवत होतात. भाताच्या ताटात डाळ, अंडं, दूध, तीळ, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी वाढवा. अंगणातलं ऊनही हवं.

आता तयारीचं. मुलींच्या मैदानी चाचणीचे 50 गुण: 800 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. पाय थांबला तरी गोळ्याचे 15 गुण थांबत नाहीत. खुर्चीत बसून 4 किलोचा गोळा ढकलायचा सराव करता येतो. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, कोपरांवर अंग तोलणं, हेही जमतं. चीर नसेल आणि दुखत नसेल तर सपाट रस्त्यावर सायकल चालवावी. लेखीचे 100 गुण आहेतच. नमाजमध्ये पाय दुमडून बसणं जमत नसेल तर खुर्चीवर बसून पढावी, आजाऱ्याला ती सवलत आहे.

अर्धा तास भरभर चालून दुखलं नाही, तरच धावणं. एक मिनिट धावा, चार मिनिटं चाला, एक दिवसाआड. दुसऱ्या सकाळी नडगी दुखली तर एक पायरी मागे या. डांबरापेक्षा शाळेचं मैदान बरं, आणि उजाडल्यावरच. आपल्याकडे अंधारात जंगलाकडेच्या रस्त्यावर वाघ-अस्वलाचं भय खोटं नाही.

अब्बूंसाठी एक उदाहरण. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे 2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे आशियाई खेळांना मुकला. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. आपली मुलगी धावणं सोडायला तयार नाही, ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. फक्त या महिन्यात तिला गोळा आणून द्या.