थंड डोकं, गरम इंजिन

कॅलिफोर्नियात जुनी फोक्सवॅगन बस बाळगलीत, की दोन सल्ले फुकट मिळतात. एक, ‘विकून टाक.’ दोन, ‘ते इंजेक्शनचं झेंगट काढ आणि कार्बोरेटर बसव.’ पहिला सल्ला बायको देते, दुसरा उरलेली सगळी दुनिया. पहिल्यावर निदान विचार करता येतो. दुसऱ्याच्या आड कायदा येतो. इथे १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची ‘स्मॉग’ टेस्ट द्यावी लागते. मूळ इंजेक्शन जागेवर नसेल तर गाडी सरळ नापास! आमची बस १९७८ची. म्हणजे दुरुस्ती करणं आलंच.

बस म्हणजे वेस्टफालिया कॅम्पर. छत वर उचललं जातं, आत शेगडी, सिंक आणि मागे बिछाना. इंजिन दोन लिटरचं, हवेवर थंड होणारं, थेट त्या बिछान्याखाली. अमेरिकेत विकलेल्या या बसना १९७५पासून बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन आलं. यातला ‘एल’ म्हणजे जर्मन ‘लुफ्ट’, अर्थात हवा. सगळा खेळ हवा मोजण्याचाच आहे. आत येणारी हवा एक झडप ढकलते, झडप किती उघडली ते कॉम्प्युटर बघतो, इंजिन थंड आहे की गरम ते सेन्सरला विचारतो आणि त्या हिशेबाने चार इंजेक्टर किती वेळ उघडायचे ते ठरवतो. बास. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आल्यावर तुमच्या स्कूटरला जे इंजेक्शन लागलं, त्याचेच हे आजोबा समजा.

तर आमच्या आजोबांचं दुखणं असं. सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट, एकदम गुणी बाळ. पंधरा मिनिटांनी तापले की मिसिंग सुरू. सिग्नलला धडधडत बंद पडायचं आणि मागून काळा धूर. एका गॅरेजवाल्याने बॉनेट... सॉरी, मागचं झाकण उघडलं, मान हलवली आणि म्हणाला, ‘कॉम्प्युटर गेला.’ त्याने सांगितलेल्या आकड्यात आमची आख्खी ख्रिसमसची सुट्टी झाली असती.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. बग दिसला म्हणून कोणी सर्व्हर बदलत नाही. म्हणून शनिवारी डोकं थंड ठेवून एकेक गोष्ट तपासायला घेतली. स्वस्तातली आधी, महागातली शेवटी.

पहिला नंबर पेट्रोलच्या नळ्यांचा. याचा मिसिंगशी संबंध असो-नसो, पहिला नंबर त्यांचाच. कार्बोरेटरला ३-४ पीएसआय दाब पुरतो, या इंजेक्शनला साधारण ३५ लागतो. एवढ्या दाबाखाली नळीला चीर गेली, तर पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो. तोही तापलेल्या इंजिनावर. या बस जळण्याचं हे नेहमीचं कारण. इंजेक्टरजवळची एक नळी वाकवली तर रबरावर बारीक भेगा आणि बोटाला पेट्रोलचा वास. वर बिछाना, आणि त्या बिछान्यावर आमची चार वर्षांची चिमुरडी झोपते. मिसिंग, स्मॉग सगळं बाजूला राहिलं. इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली आणि एकूण एक नळी बदलली. इंजेक्शनच्या दाबाला चालणारीच आणली, कार्बोरेटरची नाही.

दुसरी तपासणी हवेच्या गळतीची. झडपेच्या पुढे एखादा रबरी पाइप फाटला, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो. यावर फुकटची युक्ती आहे. इंजिन आयडलिंगला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडा. इंजिन अडखळलं तर चांगली बातमी. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच कुठून तरी शिरतेय. आमचं अडखळलं. पास!

तिसरी, गरम झाल्यावरच का बिघडतं? थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, गरम झालं की कमी. हे कळवणारा सेन्सर सिलिंडर हेडमध्ये बसतो, त्याला एकच वायर. त्याचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण २५०० ओम असतो, तापल्यावर ३००च्याही खाली येतो. इंजिन गरम करून बंद केलं आणि सेन्सरपाशी मीटर लावला. रीडिंग झकास. मग तीच वायर कॉम्प्युटरच्या प्लगपाशी मोजली, तर १२००च्या वर! म्हणजे सेन्सर खरं बोलत होता, निरोप्या वाटेत गोष्ट बदलत होता. कॉम्प्युटर बिचारा ‘अजून गारठा आहे’ समजून पेट्रोल ओतत होता. वायरच्या मधल्या जोडावर हिरवट गंज होता. जोड घासला, क्लीनर मारला, नवी पिन लावली. मग हात काळे झालेच आहेत म्हणून अर्थिंगच्या वायरीही साफ करून घेतल्या.

त्या रात्री तासभर फिरवली. एकाही सिग्नलला बंद पडली नाही. पुढच्या आठवड्यात स्मॉग पास. कॉम्प्युटर तोच, १९७८चा.

आता तुमच्याकडे बस नसेल, पण पार्किंगमध्ये बाबांची जुनी गाडी नक्की असेल. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही. तेव्हा या वीकेण्डला मॉलला थोडं उशिरा जा. मेकॅनिककडून पेट्रोलच्या नळ्या तेवढ्या बघून घ्या. कोणी ‘मेन युनिट गेलं’ म्हणालं तर भांडू नका. शांतपणे विचारा, ‘वायर मोजलीत का?’