फ्रेंच क्रियापदांचे लेखन आणि उच्चार
फ्रेंच क्रियापदांच्या लेखनात पुरुष आणि वचन दाखवणारे प्रत्यय काटेकोरपणे जपले गेले असले, तरी उच्चारात त्यांपैकी बरेचसे लोप पावले आहेत, आणि हे अंतर अक्षर, म्हणजे एका स्वराच्या आधाराने एकत्र उच्चारला जाणारा ध्वनिसमूह, या एककाच्या साहाय्याने नीट उलगडते. 'बोलणे' या अर्थाच्या 'पार्ले' या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे पाहिली, तर एकवचनाची तिन्ही आणि तृतीय पुरुषी अनेकवचनाचे रूप प्रमाण बोलीत 'पार्ल' असे एकाक्षरीच ऐकू येते. प्रथम व द्वितीय पुरुषी अनेकवचनाची 'पार्लों' आणि 'पार्ले' ही रूपे मात्र द्व्यक्षरी आहेत. तृतीय पुरुषी अनेकवचनाच्या अखेरीस लिहिले जाणारे ई, एन, टी हे तिन्ही वर्ण एरवी मूक असतात. परंतु प्रश्नार्थक रचनेत सर्वनाम क्रियापदामागून आले, की त्यांतील टी पुढील स्वराशी जोडला जाऊन 'पार्ल-तिल' असा उच्चार होतो, आणि या जोडणीस 'लियेझाँ' म्हणतात. अभिजात पद्यात ओळीच्या मध्ये आलेल्या तृतीय पुरुषी अनेकवचनाच्या रूपाची मात्र दोन अक्षरे मोजली जातात. म्हणूनच फ्रेंचच्या अभ्यासकाने क्रियापदांची रूपावली वाचून पाठ करण्याबरोबरच ती ऐकून आणि मोठ्याने म्हणून पक्की करणे अत्यंत आवश्यक आहे.