घटनेत लिहिलेली कर्जमर्यादा

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी परिग्रह-परिमाण हे एक. मर्यादा आपणच ठरवावयाची आणि आपणच पाळावयाची. जर्मनीने २००९ साली असेच काहीसे व्रत थेट राज्यघटनेत लिहिले. तेजी-मंदीचा परिणाम वगळता केंद्र सरकारची वार्षिक तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांहून अधिक नसावी; आपत्तीच्या वर्षी मात्र संसदेच्या ठरावाने सवलत.

पळवाट तेथेच निघाली. कोरोनासाठी मंजूर झालेली, पण न वापरलेली ६० अब्ज युरोंची कर्जमंजुरी सरकारने हवामान निधीकडे वळविली. यंत्रसामग्रीसाठी घेतलेले कर्ज इमारतीत घालणारे खातेदार आम्ही बँकेत पुष्कळ पाहिले. येथे खातेदार खुद्द सरकार होते! १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटना न्यायालयाने ही वळवावळव रद्द ठरविली. वर्षभरातच अंदाजपत्रकाच्या वादात त्रिपक्षीय आघाडी कोसळली. मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन संरक्षणाचा बराच खर्च मर्यादेबाहेर गेला आणि पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरोंचा स्वतंत्र निधी मंजूर झाला.

तेथील पूल व रेल्वेमार्ग जीर्ण झाले होते, हे खरेच. दुरुस्ती टाळून शिल्लक दाखविणारी वही मला कधीच पटली नाही.

आपल्या घटनेचे कलम २९२ संसदेला कर्जमर्यादा घालण्याचा अधिकार देते, सक्ती करीत नाही. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यातील तीन टक्के तुटीचे उद्दिष्ट साध्या बहुमताच्या दुरुस्त्यांनी वारंवार पुढे ढकलले गेले. जर्मनीत त्यासाठी दोन-तृतीयांश मते लागली, आणि ती विरोधकांच्या संमतीवाचून मिळणारी नव्हती.