जडवस्तू नोंदवही आणि चार ओळींची स्क्रिप्ट

मार्च आला की आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये स्टॉक चेकिंग सुरू होतं. लॅब असिस्टंट काका टेबलाखाली वाकतात, टॉर्च मारून सीपीयूच्या मागचा सीरियल नंबर वाचतात, दुसरा कोणी तो रजिस्टरशी ताडतो. (त्या रजिस्टरला 'जडवस्तू संग्रह नोंदवही' म्हणतात, हे माझ्या कॉन्व्हेंटी मराठीला इथे आल्यावर कळलं!) पण आतली रॅमची पट्टी कोणी काढून नेली तरी मागचा नंबर तोच राहतो, त्याचं काय?

मित्रांनो, हे सगळं पीसी स्वतःच सांगतो. विंडोज २००० पासून त्यात डब्ल्यूएमआय नावाची सोय आहे. एसक्यूएलसारखीच क्वेरी करायची. 'विन३२ बायोस'कडून सीरियल नंबर मिळतो, 'विन३२ फिजिकल मेमरी'कडून एकेका पट्टीचा साइज. पॉवरशेलमध्ये सगळ्या पीसींची नावं एका फाइलमध्ये टाका, 'गेट-सिमइन्स्टन्स' चालवा, अख्खी लॅब एका खुर्चीवरून मोजून होते. असेंबल्ड पीसीवर कधीकधी नंबराच्या जागी 'टु बी फिल्ड बाय ओईएम' येतं, तिथे काकांना वाकावंच लागेल! सिनिअर्सच्या व्हीबीस्क्रिप्टच्या फाइली मात्र उतरवत बसू नका. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ती भाषा मोडीत काढल्याचं जाहीर केलंय.

यावर स्टाफचं उत्तर ठरलेलं : "मुलांच्या हातात हे नको." भीती अगदीच खोटी नाही. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून सुटलेला नॉटपेट्या व्हायरस ज्या वाटांनी पसरला त्यातली एक डब्ल्यूएमआयची. एका पीसीच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि तोच वापरून शेजारच्यात शिरायचं. न्हावा-शेवाला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्यात ठप्प झालं. आपल्या नाशिकची द्राक्षं आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. मर्स्कला जगभरात ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

पण तिथे घात क्वेरीने केला नाही, अ‍ॅडमिनच्या हक्कांनी केला. आपल्याकडे तर सगळ्या पीसींना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड, आणि तो अर्ध्या होस्टेलला पाठ! स्क्रिप्टवर बंदी घालून तो गुप्त होणार आहे का? डोमेनमधल्या प्रत्येक पीसीला वेगळा, आपोआप बदलणारा पासवर्ड देणारं 'लॅप्स' २०२३ पासून विंडोजमध्येच आहे. फक्त वाचू शकेल असं खातंही बनवता येतं, थोडी खटपट पडते इतकंच.

तेव्हा सर, येत्या मार्चमध्ये एक लॅब आम्हाला द्या. पासवर्ड आधी बदला, वाचण्यापुरतं खातं द्या, शेजारी काका बसू देत. यादी आम्ही काढतो, वहीशी तुम्ही ताडून बघा.