एकपात्रीला सभागृह द्या आणि तिकीटही लावा

तालुक्याच्या गावी नाटक आणायचा विषय निघाला की 'आधी मोठं नाट्यगृह होऊ द्या' असे सांगून तो संपवला जातो. ट्रकभर नेपथ्य आणि बसभर माणसे घेऊन येणाऱ्या नाटकाला हे कारण लागू पडते. छोट्या नाट्यसंस्थेच्या विनोदी एकपात्री प्रयोगाला ते मुळीच लागू पडत नाही. एक नट, ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारा एक सोबती, बसायला सतरंजी, एवढ्यात भोकरच्या शाळेतही प्रयोग होऊ शकतो. उलट अशा प्रयोगाला लहान जागाच मानवते. नटाची भुवई शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे; एकाचे हसू शेजाऱ्याला लागले पाहिजे.

'एकट्या माणसाचं काय बघायचं?' असेही विचारतात. हा प्रश्न मराठवाड्यात तरी पडू नये. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्याने 52 पात्रे उभी केली. गावाकडची तरणी पोरे, म्हातारी माणसे, बायाबापड्या, सगळी एकाच अंगातून बोलत. त्याआधी 1961 पासून पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगवली होती. पण ती मुंबईची चाळ. 'वऱ्हाड'मध्ये आपले खेडे होते, आपली बोली होती. सिनेमात ही बोली बहुधा गड्याच्या किंवा वेंधळ्या पाहुण्याच्या तोंडी पडते आणि लोक बोलीलाच हसतात. लक्ष्मण देशपांड्यांनी ती साऱ्या गोष्टीचा कणा केली. लोक हसले ते माणसांच्या धांदलीला, त्यांच्या भाबडेपणाला. 2009 मध्ये ते गेले. पुढे माजलगावच्या संदीप पाठक यांनी तोच प्रयोग रंगमंचावर आणला. एकट्या माणसाचे बघायला लोक पुन्हा आलेच.

म्हणून आमच्या भागातली एखादी हौशी संस्था स्वतः लिहिलेली विनोदी स्वगते घेऊन येते तेव्हा तिला 'मिमिक्रीवाले' म्हणून वाटेला लावू नये. मिमिक्रीत नट दुसऱ्याचा आवाज काढतो. एकपात्रीत त्याला माणूस उभा करावा लागतो, तासभर टिकवावा लागतो आणि त्या माणसाबद्दल माया वाटायला लावावी लागते. अर्थात संस्थांनीही जाड्याबारक्यावर, सुनेवर, दारुड्यावर केलेले जुने विनोद सोडावेत. पीकविम्याचा अर्ज, सोयरिकीची बोलणी, साहेबाच्या दारातली ताटकळ, यांत काय कमी मजकूर आहे?

राहिला पैशाचा प्रश्न. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राला वर्गणी निघते आणि नाटकाला मात्र फुकट पास मागितला जातो, हे मला फार लागते. नट महिनोन् महिने तालीम करतो. त्याला निदान प्रवासखर्च तरी तिकिटातून सुटावा. पन्नास रुपयांचे तिकीट इथे कुणाला जड नाही. विद्यार्थ्यांना त्यातही सवलत द्यावी.

नगर परिषदेने आणि शाळांच्या संस्थाचालकांनी महिन्यातली एक संध्याकाळ नाममात्र भाड्याने सभागृह द्यावे. प्रयोग साडेसहाला सुरू करावा, म्हणजे खेड्यावरच्या लोकांना शेवटची एसटी मिळेल आणि बायकांनाही येता येईल. आणि भोकरकरांनो, पास मागू नका, तिकीट काढून या.

— एक नाट्यप्रेमी वाचक, भोकर (जि. नांदेड)