चाकूची कळ आणि कारागिराचा हक्क

आमचा धंदा कापडाचा. चाकूशी आमचा संबंध गठ्ठ्याची सुतळी कापण्यापुरता. पण एकदा दुकानातल्या घडीच्या चाकूचे पाते कापता कापता मिटले आणि आमच्या नोकराच्या बोटाला चार टाके पडले. तेव्हापासून पाते उघडे धरून ठेवणाऱ्या कळीकडे आम्ही बारकाईने पाहू लागलो. या एवढ्याशा कळीची हकिकत आमच्या कारागीर बांधवांनी ऐकण्यासारखी आहे.

फ्रान्समध्ये ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा साधा चाकू १८९० पासून बनतो. त्याला १९५५ मध्ये पात्याच्या बुडाशी फिरणारे एक कडे बसवले. कडे फिरवले की पाते अडकते. खर्च थोडा, पण बोट वाचते.

पुढची मोठी सुधारणा मात्र कारखान्यात झाली नाही. ती हाताने, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे चाकू घडवणाऱ्या एकांड्या कारागिरांनी केली. अमेरिकेतील मायकेल वॉकर यांनी १९८० च्या सुमारास मुठीच्या आतील पत्र्यालाच स्प्रिंग बनवले. पाते उघडताच पत्रा सरकून त्याच्या बुडामागे उभा राहतो. पत्र्याची कल्पना जुनी होती, तिचे पेटंट १९०६ मध्येच निघाले होते. वॉकर यांनी पाते टेकायला एक खुंटी दिली आणि मिटलेले पाते आपोआप उघडू नये म्हणून पत्र्यात बारीक गोळी बसवली. एवढ्याने जुन्या कल्पनेत जीव आला. दक्षिण आफ्रिकेहून अमेरिकेत गेलेले ख्रिस रीव्ह त्याच्याही पुढे गेले. त्यांनी वेगळा पत्रा काढून टाकला आणि मुठीच्या टायटॅनियमच्या बाजूलाच चीर देऊन तिची कळ केली. त्यामुळे मूठ आवळली की कळ अधिकच घट्ट बसते. मॅकहेन्री आणि विल्यम्स या जोडीने मुठीतून आडवी जाणारी, दोन स्प्रिंगांवर सरकणारी दांडी शोधली. ती उजव्या व डाव्या, दोन्ही हातांनी चालते. १९९८ मध्ये बेंचमेड कंपनीने ती बाजारात आणली.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. वॉकर यांच्या पद्धतीची कळ आज जगभर बनते, पण तिच्या नावाची त्यांनी ट्रेडमार्क म्हणून नोंद केली होती. आडव्या दांडीचे पेटंट घेतलेले होते. त्याची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याला ती परवानगीशिवाय बनवता येत नव्हती. मुदत संपल्यावर इतर कारखाने तीच कळ वेगळ्या नावाने बसवू लागले. म्हणजे हुन्नर हाताचा, पण त्याचे राखण कागदाने केले.

आपल्याकडे रामपूर पाहा. तिथल्या घडीच्या चाकूचे नाव हिंदी चित्रपटांनी घरोघर पोचवले. ते मुख्यतः गुंडाच्या हातातले हत्यार म्हणून, कारागिरीचा नमुना म्हणून नव्हे. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आणली आणि अनेक घरांचा धंदा बसला. २०२३ मध्ये शहरातल्या एका चौकात भला मोठा चाकू उभारला गेला. पण त्या चाकूची कळ प्रथम कोणत्या उस्तादाने घडवली, हे आज किती जण सांगू शकतील?

दोष दुसऱ्यावर ढकलून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मालेगावचा एक विणकर साडीच्या किनारीचा नवा नमुना घेऊन आमच्याकडे आला. आम्ही तो ठेवून घेतला आणि दुसऱ्या यंत्रमागवाल्याला दाखवला. त्याने स्वस्तात विणून दिला. आमचा नफा झाला. तो विणकर पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. वजनात काटा मारणे आणि हे, यांत काय फरक आहे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

म्हणून कारागीर बांधवांना आमची विनंती आहे. नवी कळ, नवे साधन सुचले तर बाजारात आणि प्रदर्शनात दाखवण्यापूर्वी पेटंटसाठी अर्ज करा. आधी उघड केलेल्या वस्तूचे पेटंट मिळणे कठीण जाते. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षे असते. नक्षी किंवा घाट नवा असेल तर डिझाइनची नोंद होते. ती १० वर्षे चालते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते. मालाच्या नावाची नोंद दर १० वर्षांनी नवी करता येते. पेटंट कार्यालय मुंबईत आहे. एकट्याला खर्च झेपत नसेल तर चौघांनी मिळून करावा.

आणि व्यापारी बांधवांनो, नमुना ही अमानत आहे. तो ठेवून घेतला तर पावती लिहून द्या आणि विकला तर कारागिराचा वाटा पोचवा. पाते धरून ठेवणारी कळ लोखंडाची असते. धंदा धरून ठेवणारी कळ मात्र शब्दाची असते, आणि ती ढिली झाली की बोट गरिबाचेच कापते.