‘अरे’चे ‘अहो’ होते तेव्हा

दहावीच्या वर्गाचा निरोपसमारंभ आटोपला म्हणजे शाळेच्या पटांगणात एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. डोळे पुसून झालेले असतात, वाटलेला चिवडा संपलेला असतो, आणि मुले-मुली एकमेकांच्या वह्या हाती घेऊन त्यांत काहीबाही लिहीत उभी असतात. ‘विसरू नकोस’ हे दोन शब्द त्या एका तासात जितक्या वेळा लिहिले जातात तितक्या वेळा वर्षभराच्या निबंधांतून दुसरे कोणतेही शब्द लिहिले जात नसतील. अलीकडे वहीबरोबर मोबाईलही पुढे होतो आणि वर्गाच्या नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप जागच्या जागी उभा राहतो. लिहिणारा त्या क्षणी खोटे लिहीत नसतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. 1996 साली आम्हीही ते शब्द लिहिले होते, आणि ज्याच्या वहीत ते लिहिले त्याचे तोंड पुढे चार वर्षे पाहिले नाही.

तो आमचा बाकावरचा जोडीदार. आठवीपासून दहावीपर्यंत तीन वर्षे आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो आणि एकाच्या चुकीबद्दल दोघांनी मार खाल्ला. शहराच्या उत्तरेकडील एका खेड्यातून तो सायकलने शाळेस येई. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पण त्याच्या हाताविषयी सांगितले पाहिजे. कंपास न घेता फळ्यावर खडूने तो असे वर्तुळ काढी की गणिताचे मास्तर मुद्दाम कंपास लावून पाहत आणि हसून खाली ठेवीत. भूमितीची प्रमेये आम्ही पाठ केली. त्याला ती दिसत असत. दहावीच्या परीक्षेपूर्वी दोनच महिने त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. परीक्षा तो उत्तीर्ण झाला, आणि जून महिन्यात आम्ही टिळकवाडीतील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेस नाव घातले, त्याच जूनमध्ये तो उद्यमबागेतील एका फौंड्रीत कामास लागला.

टिळकवाडीवरूनच पुढे उद्यमबागेस बस जाते, हे बेळगावकरांस सांगावयास नको. म्हणजे दोघांची वाट एक होती. फरक होता तो वेळेचा, आणि खरे म्हणजे आमच्या इच्छेचा.

चार वर्षांनी एके दिवशी त्याच बसमध्ये तो भेटला. केसांत काळी रेती, हातात जेवणाचा डबा. आम्हाला मनापासून आनंद झाला. आम्ही हाक मारली, तो वळला, क्षणभर थबकला, बसल्या जागेवरून उठून आम्हास जागा देऊ लागला आणि म्हणाला, “कसं काय, बरं हायसा न्हवं?”

‘हायसा’! ज्याने तीन वर्षे आम्हाला ‘बे’ आणि ‘लेका’ याशिवाय संबोधले नाही, त्याच्या तोंडून हा शब्द आला. तो चेष्टेत बोलत नव्हता. टिळकवाडीचा थांबा आला तेव्हा आम्ही उतरलो. आणि इतके दिवसांत प्रथमच कोणाची तरी दृष्टी चुकवून उतरलो.

आपल्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामधली रेघ कोणी आखून देत नाही. ती आपोआप आखली जाते. वडीलधाऱ्यांस, परक्यांस, जावयास, साहेबास आपण ‘अहो’ म्हणतो, आणि त्यात मान आहे. परंतु ज्याला एकदा ‘अरे’ म्हटले त्याला पुन्हा ‘अहो’ म्हणण्यात मान नसतो. तुम्ही आता आमच्यातले राहिला नाहीत, एवढेच त्यातून सांगितलेले असते. घरी आल्यावर आम्ही प्रथम त्यालाच दोष दिला. तो बदलला, त्यालाच परके वाटते, त्यानेच कधी येऊन भेटू नये काय, इत्यादि युक्तिवाद मनात पुष्कळ झाले. मनुष्य स्वतःचा वकील असला म्हणजे खटला सहसा हरत नाही.

महाविद्यालयीन जीवनात जुने मित्र का दुरावतात याची कारणे नेहमी अशी सांगतात की अभ्यास वाढतो, नवे मित्र मिळतात, वेळ पुरत नाही. आमच्या मते ही कारणे वरवरची आहेत. विज्ञानास गेलेला आणि वाणिज्यास गेलेला हे दोघे महिनेच्या महिने भेटले नाहीत तरी भेटल्याबरोबर त्यांचे सूत जुळते. मैत्री तुटते ती दोन शाखांच्या मध्ये नव्हे. एकाचे शिक्षण जेथे थांबते आणि दुसऱ्याचे पुढे चालू राहते, तेथे ती तुटते. आणि भांडण होऊन तुटत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या शहरात शिक्षणाची सोय कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. लिंगराज महाविद्यालय 1933 पासून आहे. 1998 साली विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ येथे आले, 2010 साली राणी चन्नम्मा विद्यापीठ आले. त्यामुळे दहावीनंतर सर्वच मुले पी.यू.सी.ला जातात, असा सुखवस्तु घरांतून समज असतो. आपापल्या वर्गाची हजेरी डोळ्यांपुढे आणून पाहावी. कोणी आय.टी.आय.ला जातो, कोणी वडगाव-शहापुराकडे घरच्या यंत्रमागावर बसतो, कोणी बापाच्या दुकानाच्या गल्ल्यावर, कोणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावू लागतो, कोणी गोव्यात नोकरी धरतो. काही मुलींची लग्ने ठरतात आणि त्यांची नावेदेखील बदलतात. या सर्वांच्या वहीत आपण ‘विसरू नकोस’ लिहिलेले असते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मराठी माध्यमातून महाविद्यालयात गेलेल्या मुलाचे पहिले सहा महिने फार कठीण जातात. ज्याला आपण कालपर्यंत वस्तुमान म्हणत होतो ते ‘मास’ होते, प्रकाशसंश्लेषणाचे ‘फोटोसिंथेसिस’ होते; उत्तर येत असूनही हात वर होत नाही. शेजारच्या बाकावरील कन्नड माध्यमाच्या मुलाचीही तीच गत असते, हे कळावयास आम्हास दिवाळी उजाडली. त्या दिवसांत आम्हास आमच्या जोडीदाराची आठवण रोज येत असे. मग आम्ही त्याच्याकडे का गेलो नाही? लाज वाटली म्हणून. हा पुढे गेला असे तो समजत असेल, आणि आपण तर वर्गात मुक्याने बसतो, हे त्याला कसे सांगावे? त्याला आमच्या वह्यापुस्तकांची लाज, आम्हाला आमच्या मुकेपणाची. दोन्हीकडून लाज असली म्हणजे वाट कितीही जवळची असो, ती कोणी चालत नाही. पुढे इंग्रजी जिभेवर बसले, नवे सोबती मिळाले, लाज गेली. आणि लाजेबरोबर आठवणही गेली. आमचा अपराध असेल तर तो या दुसऱ्या टप्प्यातला आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्याचे शिक्षण पुढे चालू राहिले त्याने प्रथम जावे. जो मागे राहिला तो येणार नाही. त्याने येऊ नये असे नाही, पण तो येणार नाही, हे धरून चालावे. महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन मित्राची चौकशी करणे त्याला जमत नाही. आपल्याला मात्र त्याच्या घराचा उंबरठा चढण्यात काहीच जात नाही. गेल्यावर ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न पहिला विचारू नये. निकालाच्या दिवशी ‘किती पडले?’ हा प्रश्न जितका निर्दय असतो तितकाच हाही असतो, आणि दोन्ही आपण अगदी सहज विचारतो. शिवाय जायचे ते त्याच्या सुट्टीच्या वारी. आपल्याला तास नाही म्हणून त्याच्या कामाच्या वेळी नव्हे.

आमच्याकडे गणेशोत्सवाची मंडळे आहेत, शिवजयंतीचे चित्ररथ आहेत. त्यांच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती आम्हीही करतो. पण मंडपाचा बांबू चौघांनी उचलला असता कोण कोणत्या शाखेत हे कोणी विचारीत नाही, हा त्यांचा गुण विसरता येत नाही. शिकलेली मुले वर्गणीची पावती फाडून मोकळी होतात आणि मंडपात पाऊल टाकीत नाहीत, तेव्हा ती काय गमावतात हे त्यांना कळत नाही.

मुलींची गोष्ट निराळी आणि अधिक अवघड. लग्न होऊन मैत्रीण खानापुराकडे किंवा कोल्हापुराकडे गेली म्हणजे तिचा पत्ता बदलतो, मोबाईलचा क्रमांक बदलतो, कधी कधी मोबाईलच तिच्या हाती राहत नाही. तिचा ठाव लागतो तो तिच्या आईकडून. माहेरपणास ती पंचमीला येणार की दिवाळीला, हे तिच्या आईला दोन महिने आधी ठाऊक असते. जुन्या मैत्रिणींच्या आयांकडे जाऊन बसण्याची सवय ज्या मुलींनी ठेवली त्यांच्या मैत्रिणी टिकल्या, असे आमच्या पाहण्यात आहे.

आता पत्रांविषयी. ज्यांचे बालपण व शिक्षण याच बेळगावात झाले आणि आयुष्य धारवाडास गेले ते जी. ए. कुलकर्णी (1923–1987) माणसांच्या गर्दीपासून कटाक्षाने दूर राहत. पण त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची निवडक पत्रे खंडाखंडांनी प्रसिद्ध झाली तेव्हा वाचकांस कळले की या एकांतप्रिय माणसाने किती जणांशी केवढा ऋणानुबंध केवळ पत्रांनी सांभाळला होता. भेट हाच संबंध टिकविण्याचा एकमेव मार्ग नव्हे. व्हॉट्सॲपला आम्ही नावे ठेवीत नाही; तेही पत्रच आहे. परंतु साठ जणांच्या ग्रुपवर सकाळी पाठविलेले फुलाचे चित्र हे कोणालाच पाठविलेले नसते. ज्या ग्रुपमध्ये महाविद्यालयीन मुलेच इंग्रजीत बोलतात आणि बाकीचे वीस जण नुसते वाचतात, त्या ग्रुपमध्ये वीस मित्र दुरावत आहेत असे समजावे. त्यापेक्षा एकालाच, त्याच्या नावाने, आपल्या मराठीत चार ओळी लिहिणे बरे.

पु. ल. देशपांडे काही काळ येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्या काळात त्यांची बेळगावच्या कृष्णराव हरिहरांशी मैत्री जडली. वाचक त्यांना ‘रावसाहेब’ म्हणून ओळखतात. पु. ल. बेळगाव सोडून गेले, पुढे मोठी कीर्ती मिळविली. परंतु त्या कानडी घरातील, मराठीची लिंगे बिनदिक्कत बदलणाऱ्या मित्राशी त्यांचे नाते तसेच राहिले. ‘गणगोता’तील तो लेख आम्ही अनेकदा वाचला. हसू येते, पण त्याहून अधिक हेवा वाटतो.

पालकांशीही थोडे बोलावयाचे आहे. मुलगा महाविद्यालयात गेला म्हणजे “आता त्या पोरांत बसत जाऊ नकोस” असे पुष्कळ घरांतून सांगितले जाते. वाईट संगतीची भीती खरी आहे. ती आम्ही नाकारीत नाही. पण कारखान्यात आठ तास उभा राहून घर चालविणारा सतरा वर्षांचा मुलगा ही वाईट संगत कशी, हे आम्हास कोणी समजावून दिलेले नाही. आमच्याही घरी असे सांगितले गेले होते. आम्ही ते ऐकले. कारण ते ऐकणे सोयीचे होते.

असो. बसमधील त्या भेटीनंतर तीन आठवडे आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ असे करीत घालविले आणि अखेर त्याच्या सुट्टीच्या दिवशी सायकल काढून त्याच्या गावी गेलो. आई दारातच होती. “काय रे, कुठं मेलतास इतके दिवस?” असे म्हणून तिने आत नेले. तिच्या लेखी काहीच बदललेले नव्हते. वडील कॉटवर होते. त्यांनी डाव्या हाताने बसण्याची खूण केली. पण तो मात्र अर्धा तास ‘तुम्ही’वरून खाली उतरेना. काय बोलावे हे दोघांसही सुचेना. अखेर आम्ही फौंड्रीत तो नेमके काय करतो ते विचारले. साचे करतो, म्हणाला. म्हणजे कसे? तेव्हा त्याने धाकट्या भावाच्या दप्तरातून खडू काढला आणि शहाबादी फरशीवर पंपाच्या एका भागाची आकृती काढून समजावू लागला: धातू निवताना आकसतो, म्हणून लाकडी नमुना मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो, किती मोठा, ते धातूवर अवलंबून. आम्ही तोपर्यंत पदवीच्या दुसऱ्या वर्षास पोहोचलो होतो. विद्वत्ता दाखविण्याची संधी सोडवेना. खडू घेऊन आम्ही शेजारी एक आकृती काढली आणि हिशेब सांगू लागलो.

त्याने ती पाहिली. वर्तुळ एका बाजूस चांगलेच बसले होते, आणि हिशेबात आम्ही व्यासाच्या जागी त्रिज्या धरली होती.

“अरे लेका,” तो ओरडला, “अजून तुला गोल काढता येत नाही व्हय रे!”

पुढचे तासभर काय बोललो ते आज आठवत नाही. चहा मात्र निवून गेला होता.

त्याची मुलगी यंदा आपल्याच शाळेतून दहावीस बसत आहे. भूमितीत ती बापावर गेली आहे, असे ऐकतो.